दहा म्हणजे दहाच

अगं, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. फोटो पाहिला. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक थापणारा तो सुरकुतलेला हात! ना वादकाचा चेहरा, ना टाळकरी, तरी आता पहिली थाप पडणार असं वाटतं. नांदुऱ्यात हायवेवरच्या १०५ फुटी मारुतीचा फोटो काय, येणारा-जाणारा कुणीही काढतो. हा मात्र भजनी मंडळात मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्यालाच मिळतो.

दयानिता सिंगचं ठाऊक आहे ना? अहमदाबादच्या एनआयडीत शिकत असताना झाकीर हुसेनच्या मैफलीत फोटो काढायला गेली. आयोजकांनी अडवलं, ढकलाढकलीत पडली बिचारी. संतापून तिनं थेट झाकीरनाच सुनावलं की आज विद्यार्थिनी असले तरी उद्या मोठी फोटोग्राफर होणार आहे, मग बघू. त्यांनी तिला फोटो काढू दिले. पुढे कितीतरी हिवाळे ती त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडली. १९८६ साली तिचं पहिलं पुस्तक आलं ते झाकीरवरचंच, आणि रियाज म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकले, असं ती आजही सांगते. म्हणून म्हणते, हा एक फोटो विकायची घाई कर हवी तर, पण मंडळात बसणं सोडू नकोस.

आता तुझी मर्यादित आवृत्ती. काढ की! फक्त पहिली प्रत विकण्याआधी आकडा आणि माप दोन्ही ठरव. दहा म्हणजे दहाच. खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीनं १/१०, २/१० असं लिही, सही कर, साल घाल. स्वतःसाठी एक-दोन प्रती जास्तीच्या ठेवायची रीत आहे, पण त्याही आधीच नोंदवून ठेव. अमेरिकेत विल्यम एगल्स्टननं जुन्या मर्यादित आवृत्तीतले फोटो २०१२ मध्ये मोठ्या आकारात नव्यानं छापून लिलावात विकले. आधीच्या प्रती घेतलेला एक संग्राहक कोर्टात गेला. पुढच्या वर्षी दावा फेटाळला गेला, म्हणजे कायद्यानं एगल्स्टन सुटला. पण माय, तुझं गिऱ्हाईक आपल्याच गल्लीतलं. अकरावी प्रत कुणाच्या बैठकीत दिसली तर कोर्टाची गरजच पडणार नाही!

आणि आकडा लहान ठेवला की किंमत आपोआप चढते, हे डोक्यातून काढ. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आधी पियानोवादक व्हायला निघाला होता. निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो म्हणायचा. ‘मूनराइज’ या १९४१ च्या फोटोच्या तेराशेच्या आसपास प्रती त्यानं काढल्या, दर वेळी अंधार-उजेड थोडा वेगळा राखून. तरी २००६ च्या लिलावात त्यातली एक सहा लाख डॉलरांच्या वर गेली. तूही छापणाऱ्याच्या शेजारी उभी राहा. पार्श्वभूमीचा काळोख किती गडद हवा ते त्याला नाही, तुला माहीत आहे.

कागद शंभर टक्के कापसाचा, आम्लविरहित माग, शाई पिगमेंटची. चकचकीत कागद नको, कणकेचा खरबरीतपणा त्यावर मरतो. गंमत बघ, जिनिंगमध्ये रुई काढून घेतल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांचाही असा भारी कागद होतो. आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गंजी लागतात, आणि तो कागद तुला पुण्या-मुंबईहून मागवावा लागणार!

किमतीचं म्हणशील तर कागद, छपाई, चौकट यांचा खर्च आधी लिहून काढ, मग त्यावर तुझ्या मेहनतीचे पैसे लाव. लाजू नकोस. ओळखीच्यांना फुकट वाटत बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. शेवटच्या दोन-तीन प्रतींचा भाव चढा ठेवला तरी चालतो, फक्त तो पहिल्या गिऱ्हाइकालाही आधी सांगून टाक.

राहिले पखवाजवाले बाबा. हात त्यांचा आहे, तेव्हा विकण्याआधी त्यांना विचार, आणि तोंडी ‘हो’वर भागवू नकोस, दोन ओळी लिहून घे. १/१० त्यांना दे, फुकट. भिंतीचा ओलावा लागू नये म्हणून मागे पुठ्ठा घालून, काच लावूनच दे. खिळा मात्र दारासमोरच्या भिंतीवर ठोकू देऊ नकोस, तिथं दुपारभर ऊन येतं.