आरसा आणि पेटी

जुन्या घरांतून छायाचित्रे ठेवण्याची एक ठरलेली जागा असे. माजघरातील लाकडी पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली दोन-चार छायाचित्रे असत. कोणाची मुंज, कोणाचे लग्न, तर कोणी वडीलधारे गृहस्थ खुर्चीत ताठ बसलेले. या चित्रांचे शत्रू सर्वांना ठाऊक होते : पावसाळ्यातील ओल, कसर, वाळवी आणि ऊन. हे शत्रू हळूहळू येत. चित्र प्रथम पिवळे पडे, मग कडेला डाग उमटत. ते घरातल्या बायकांच्या ध्यानात येई आणि पावसाळा सरताच पेटी मोकळी करून झाडली जाई. नाहीसे होण्यापूर्वी चित्र असा इशारा देत असे.

आजचे छायाचित्र इशारा देत नाही, कारण ते मुळात कागदावर नसून आकड्यांत असते. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या दृश्याचे अगदी बारीक ठिपके पाडतो आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा रंग किती, याची नोंद आकड्यांनी करतो. आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके धरले, तर एका चित्रात १ कोटी २० लाख ठिपके झाले. आकड्यांना कसर लागत नाही. त्यांची नक्कल मुळाबरहुकूम उतरते. शंभरावी नक्कलही पहिलीइतकीच स्वच्छ असते. जुन्या काळी दप्तरांच्या नकला उतरून घेणाऱ्या कारकुनाला हे कोठले साधायला! परंतु ज्या साधनावर हे आकडे साठविले ते बिघडले, किंवा आकडे पुसले गेले, तर चित्र पिवळेसुद्धा पडत नाही. ते एकदम नाहीसे होते.

मोबाइलमध्ये चित्रे मावेनाशी झाली, तेव्हा ती ‘क्लाउड’मध्ये ठेवण्याची सोय निघाली. क्लाउड म्हणजे ढग. नाव मोठे काव्यमय आहे, पण वस्तू आकाशात नाही. ठिकठिकाणी जमिनीवर उभारलेल्या प्रचंड इमारतींत संगणकांच्या रांगा लावलेल्या असतात आणि ते तापू नयेत म्हणून रात्रंदिवस थंड ठेवावे लागतात. आपली चित्रे तेथे असतात. हा सारा खर्च कोणती तरी कंपनी करते. तो परवडेनासा झाला, किंवा दुसरी योजना अधिक बरी वाटली, म्हणजे ती जुनी सेवा बंद करते. यात कपट असतेच असे नाही. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूने ती आपल्या मालकीची समजू नये, इतकेच.

या सेवांतील एक प्रकार ‘सिंक’चा आहे. सिंक करणे म्हणजे दोन ठिकाणे एकसारखी राखणे. मोबाइलवर काढलेले चित्र आपोआप घरच्या संगणकावरही दिसू लागते. सोय उत्तम आहे. पण पुष्कळांची गफलत येथेच होते. एक चित्र तीन ठिकाणी दिसते, म्हणून ते तीनदा सुरक्षित आहे, असे त्यांना वाटते. वास्तविक ही तिन्ही ठिकाणे एकाच दोरीने बांधलेली असतात. सामान्यतः एका ठिकाणी चित्र पुसले, की ते उरलेल्या ठिकाणांहूनही जाते. गळ्यातला दागिना काढला, की आरशातलाही जातो. तेव्हा दागिने दोन होते असे कोणी म्हणत नाही. वेगळी करून पेटीत ठेवलेली नक्कल मात्र मूळ हरवले तरी मागे राहते.

अ‍ॅपल या अमेरिकन कंपनीच्या ‘माय फोटो स्ट्रीम’ या सेवेची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ही सेवा २०११ साली सुरू झाली. मोबाइलवर काढलेले चित्र वाय-फाय मिळताच कंपनीच्या संगणकांकडे जाई आणि तेथून त्याच माणसाच्या इतर उपकरणांवर उतरे. कंपनी प्रत्येक चित्र ३० दिवस आपल्याकडे ठेवी. मोबाइल किंवा आयपॅडवर अलीकडची १००० चित्रे राहत. स्ट्रीम या शब्दाचा अर्थ ओढा. नाव अन्वर्थक होते. नवे पाणी येई, जुने वाहून जाई. पाणी साठविणारे ते तळे नव्हते.

२०२३ साली ही सेवा बंद झाली. २६ जून रोजी नवी चित्रे घेणे थांबले आणि २६ जुलै रोजी सेवा संपली. या दोन तारखांत बरोबर ३० दिवसांचे अंतर आहे. शेवटच्या दिवशी पोहोचलेल्या चित्राचीही ठरलेली मुदत पुरी व्हावी, असा हा हिशेब होता.

मग धोका कोणाला होता? ज्या मोबाइलवर चित्र काढले, त्यावर मूळ चित्र होतेच. पण अशी कल्पना करा की, एका मुलीने जूनच्या मध्यास आजोळी आजीची चित्रे काढली. ती आपोआप घरच्या आयपॅडवर दिसू लागली. पुढे आठ दिवसांत मोबाइल विहिरीत पडला. ‘चित्रे आयपॅडवर आहेतच’, म्हणून मुलगी निर्धास्त राहिली. परंतु आयपॅडवर ती ओढ्याच्या कप्प्यात दिसत होती. मुलीच्या कायमच्या संग्रहात ती जतन केलेली नव्हती. सेवेबरोबर तो कप्पाही जायचा होता. मुदतीच्या आत कप्पा उघडून, हवी ती चित्रे निवडून संग्रहात जतन करणे, एवढेच काम होते; कंपनीनेही तसे कळविले होते. काम दोन मिनिटांचे, पण ते २६ जुलैपूर्वी व्हावयास हवे होते.

सर्वच सेवांचा निरोप इतका आखीव नसतो. भारतातील तरुणांत एके काळी अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तेथील चित्रे उतरवून घेण्यास मात्र पुढे सप्टेंबर २०१६ पर्यंत मुभा होती. याउलट मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ साली कळविले की, संगणक बदलताना तीन वर्षांहून जुनी चित्रे व गाणी नाहीशी झाली असावीत. तेथे मुदतही नव्हती आणि पूर्वसूचनाही नव्हती. तिसरा प्रकार घरातलाच आहे. दोन वर्षे न वापरलेले खाते त्यातील चित्रांसह काढून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणला. आजोबा निवर्तले आणि त्यांचे खाते कोणी उघडलेच नाही, तर सेवा चालू असूनही त्या घरापुरती ती संपण्याचा संभव असतो.

सेवा बंद होण्याची सूचना आली, म्हणजे प्रथम काहीही पुसू नये. तारीख नोंदवून ठेवावी आणि मूळ चित्रे कोठे आहेत याचा शोध घ्यावा. कित्येक मोबाइलांत जागा वाचविण्यासाठी केवळ लहान आकाराची चित्रे ठेवलेली असतात. मूळ चित्र कंपनीकडेच असते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून हा सापळा सहज लक्षात येत नाही. मूळ आकाराचीच चित्रे उतरवून घेऊन ती स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवावीत. उतरलेल्या चित्रांची संख्या मुळाशी ताडून पाहावी आणि आरंभीची, मधली व शेवटची काही चित्रे उघडून बघावीत. चित्रे एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवणे हा काही जतनाचा मार्ग नव्हे. त्यात ती साधारणपणे आकुंचित होतात आणि चित्र केव्हा काढले ही आत नोंदलेली तारीखही गळून पडते.

छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. घराबाहेरची प्रत दुसऱ्या गावच्या मावशीकडे ठेवता येते. तेथे पूर आला तरी येथली राहते. क्लाउडही बाहेरची प्रत म्हणून चांगला. एकुलती प्रत म्हणून नव्हे. हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्हही अमर नाहीत. काही वर्षांनी नव्या साधनावर पुन्हा नक्कल करावीच लागते.

हजारो चित्रांतून पाच-पन्नास तरी कागदावर छापून घ्यावीत. त्यांना सेवा लागत नाही, खाते लागत नाही, वीजही लागत नाही. छापलेल्या चित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने माणसांची नावे लिहावीत. शाई कधी कधी कागदातून पुढे उतरते. जुन्या पेट्यांतून अशी कितीतरी चित्रे निघतात की, ती धड आहेत, डाग नाही, चेहरे स्पष्ट आहेत, आणि ती माणसे कोण हे सांगणारे कोणी उरलेले नाही. ‘डावीकडून दुसरी माई, नाशिक, १९७८’ एवढे लिहिलेले पुरते.