हरमपासून साडेतीनशे मीटर

उमऱ्याला ग्रुपने जावं की आपलं आपण, असं विचारायला हल्ली माझ्याकडे बरीच मंडळी येतात. नात्यातली, मोहल्ल्यातली, शाळेतल्या सहकाऱ्यांच्या ओळखीची. आमच्या बाबतीत काय झालं ते कानावर गेलेलं असतं. एकदाच लिहून टाकते, म्हणजे दर वेळी तोच संताप नव्याने करायला नको.

अम्मीचे गुडघे गेलेत. म्हणून टूरवाल्याला मी पहिल्याच भेटीत एकच प्रश्न विचारला होता : मक्केतलं हॉटेल हरमपासून किती लांब? “साडेतीनशे मीटर, बाजी. अम्मीला पाचही वक्त चालत नेऊन आणाल.” मी तेवढ्यावर थांबले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितलं, त्याने लिहून दिलं. ‘आधी नीट चौकशी करायची होती’ असं आज मला ऐकवणाऱ्यांना मी तोच मेसेज दाखवते.

मक्केत पोचलो तेव्हा ईशा होऊन गेली होती. विमानात मिकातची घोषणा झाली तेव्हाच नीयत केलेली, जेद्दाहच्या इमिग्रेशनच्या रांगेत अम्मीचे पाय सुजलेले. बस थांबली ती अझीझियाच्या एका गल्लीत. समोर टायरचं दुकान, शेजारी बंद लाँड्री. अम्मी काचेला डोकं लावून मिनार शोधत होती. क्लॉक टॉवर मक्केत दुरूनही दिसतो. त्या गल्लीतून तोही दिसत नव्हता. काउंटरवरच्या पोराने खोल्यांच्या किल्ल्यांबरोबर प्रत्येकाच्या हातात एक छापील कार्ड ठेवलं. शटलचं वेळापत्रक होतं ते. मी विचारलं, “हरम किधर है?” तो म्हणाला, “बस से जाना, बाजी. स्टॉप पास में है, तीन-चारसौ मीटर.”

तेव्हा उलगडा झाला. आकडा खरा होता. तो बसथांब्याचा होता.

ग्रुपचे अमीर म्हणून आलेल्या मौलानांना मी तिथेच, सगळ्यांसमोर, मेसेज दाखवला. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. “बाजी, इबादतीला आलोय आपण, हॉटेलात राहायला नाही. जितकी तकलीफ तितका सवाब. सबर करा.” आणि सोबतची मंडळी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच एहरामात भांडण उकरून काढलं! गर्दीत, उन्हात, रांगेत सबर मी केलाच, सगळेच करतात. पण पैसे जवळच्या हॉटेलचे घ्यायचे, राहायला लांब न्यायचं आणि विचारलं की दीन पुढे करून तोंड बंद करायचं, हे मला आजही सहन होत नाही. मालात खोट ठेवून विकणाऱ्याबद्दल आपल्या रसूलांनी ﷺ काय फर्मावलंय ते मौलानांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

शटल हरमच्या दारात सोडत नाही. उतरून चालावं लागतं, मग बाहेरचं प्रांगण, मग दरवाजा, मग आत पुन्हा चाल. नमाज सुटली की बसपाशी अशी रेटारेटी, की म्हाताऱ्या माणसाला चढवणं धोक्याचं. परिणाम असा की अम्मीच्या कितीतरी नमाजा हॉटेलच्या खोलीत झाल्या. आयुष्यभर ज्याची आस धरली ते काही किलोमीटरवर, आणि ती बेडवर बसून मोबाइलवर हरमची अजान ऐकतेय. हे मी कुणाला माफ करू?

‘व्हीलचेअरचं आम्ही बघू’ हेही असंच. मौलाना झेंडा घेऊन पुढे निघून गेले. व्हीलचेअर खालच्या मताफात सोडत नाहीत, वरच्या मजल्यावर पाठवतात आणि तिथला फेरा कितीतरी मोठा पडतो, हे आम्हाला पोलिसाने सांगितलं. सोबत आलेल्या माझ्या भावाने सातही फेरे एकट्याने ढकलले. सईला त्रास झाला नाही. सफा-मरवादरम्यान व्हीलचेअरसाठी मधोमध वेगळी वाट आहे.

मदिनेत रियाझुल जन्नतचा परवाना ‘ग्रुपतर्फे’ मिळणार होता. कुणी काढलाच नव्हता. मग रात्री बसून मी नुसुक अ‍ॅपवर अम्मीचं आणि माझं खातं उघडलं, वेळ उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि मिळवला. बायकांच्या वेळा वेगळ्या असतात, आणि आम्ही गेलो तेव्हा एकदा जाऊन आलं की ३६५ दिवस परवाना पुन्हा मिळत नव्हता. हे काम कुणावरही सोपवू नका. व्हिसा हातात आला की अ‍ॅप घरीच सुरू करून ठेवा.

तर मग ग्रुप की स्वतंत्र? सोबत म्हातारं किंवा आजारी माणूस असेल आणि घरातल्या एकाला फोनवरून बुकिंग करता येत असेल, तर स्वतंत्र जा, असंच मी सांगेन. लोक उलटं सांगतात. पण ग्रुप चालतो तो चालू शकणाऱ्यांच्या वेगाने. भाषेची भीती फुकाची आहे. हॉटेलात, टॅक्सीत, दुकानात उर्दू-हिंदीवर काम भागतं. मक्का-मदिना सुमारे साडेचारशे किलोमीटर. २०१८पासून हरमैन रेल्वे आहे, अडीच तासांच्या आत पोचवते. मक्केचं स्टेशन हरमपासून लांब आहे, तेवढी टॅक्सी धरा. व्हिसा बहुतेकांचा एजंटच काढतो, तो तेवढ्यापुरता ठेवा. तिघे-चौघे एका खोलीत असाल तर खर्च ग्रुपच्या आसपास बसतो. एकट्याला महाग पडेल. रमजानात तर विचारूच नका.

पहिल्यांदाच जाणारी, फोनशी न जमणारी किंवा एकटी बाई असेल, तर ग्रुपचा आधार मोठा. उमऱ्याला मेहरमची अट सौदीने २०२२मध्ये काढली असली, तरी सोबत बायका असल्या की धीर येतो. आमच्या मौलानांनी अरकान समजावले छान, तेही नाकारत नाही.

पण ग्रुपने जाल तर पैसे भरण्याआधी हॉटेलचं नाव कागदावर घ्या. ‘अमुक हॉटेल किंवा तत्सम’ असं छापलेलं असेल तर ‘किंवा तत्सम’ खोडून सही घ्या. नाव नकाशावर टाका आणि पायी वाट बघा, कोणत्या दरवाजापर्यंत ते बघा. चढ विचारा, मिसफला किंवा अजयादच्या मागच्या गल्ल्यांत नकाशावर जवळ दिसणारं हॉटेल व्हीलचेअरला डोंगर ठरतं. एका खोलीत किती माणसं, हेही लिहून घ्या. पावती जीएसटीची, पक्की. तब्येत सांभाळा, पाणी भरपूर प्या, कागदांच्या झेरॉक्स ठेवा, हे सगळेच सांगतात.

हजची गोष्ट निराळी. तिथे आपल्याकडून स्वतंत्र जाण्याचा पर्यायच नाही. हज कमिटी ऑफ इंडिया किंवा सरकारकडे नोंदणी असलेला खासगी ऑपरेटर. ती नोंदणी स्वतः तपासा, व्हिजिटिंग कार्डावर छापलेल्या शब्दावर जाऊ नका.

परत आल्यावर टूरवाल्याने पुढच्या उमऱ्यात सवलत देऊ केली. मी नको म्हटलं, दोन हॉटेलांतला फरक रोख मागितला. “हिशोब अल्लाहकडे होईल,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. तो होईलच. पण ३५० मीटरचा मेसेज आणि शटलचं कार्ड जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग घरी येऊन म्हणाले, पाक सफरीची कोर्टकचेरी बरी दिसत नाही, मागे घे. चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.