मेट्रो आली, तरी इंदूर दुचाकीवरच का?

प्रश्न : इंदुरात मेट्रो सुरू झाली, पण माझ्या ओळखीतलं कुणीच तिने कामावर जात नाही. मुंबईत लोकल ओसंडून वाहते, मग आमच्याकडे असं का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : मुंबईची जमीन चिंचोळी. १८५३ पासून रूळ पडत गेले आणि उपनगरं त्यांच्या कडेने वाढली, त्यामुळे तिथे सकाळचा लोंढा ठरलेल्या दिशेने वाहतो. इंदूर मात्र राजवाड्याभोवती चहूबाजूंनी पसरलं. देवास, उज्जैन, धार, महू, खंडवा, प्रत्येक रस्त्याला वस्ती फुटली. इथे जो तो वेगळ्या दिशेला निघतो, आणि अंतरंही दुचाकीला सोयीची.

सुदामानगरातली एखादी नोकरदार बाई घ्या. मुलाला शाळेत सोडायचं, पलासियाला ऑफिस गाठायचं, येताना भाजी घ्यायची, रामबागेत आईकडे डोकावायचं. स्कूटरवर हे सगळं एका फेरीत उरकतं. तेच बसने करायचं तर दर टप्प्याला वाट पाहणं आलं आणि नवं तिकीट आलं.

आता मेट्रो. ३१ मे २०२५ रोजी, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी जयंतीला, ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर अशी सुरू झाली : सुमारे ६ किलोमीटर, ५ स्थानकं. त्या भागात टीसीएस, इन्फोसिस आहेत, पण दाट वस्ती नाही. रोजची गर्दी राजवाडा, रेल्वे स्टेशन, पलासिया, भंवरकुआं इथे असते. सुमारे ३१ किलोमीटरचं नियोजित वर्तुळ पूर्ण होईल तेव्हाच मेट्रोची खरी परीक्षा.

आय-बस या शहर बससेवेचं उलट होतं. २०१३ पासून ती ए. बी. रोडवर, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, स्वतःच्या मार्गिकेतून धावली. विद्यार्थी आणि नोकरदार आधीपासून ज्या रस्त्याने जात होते, तिथेच ती होती, म्हणून ती भरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती मार्गिका काढायला परवानगी दिली. बसची हक्काची वाट गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शहराबाहेरच्या प्रवासासाठी तर इंदूरकडे रूळ आधीपासूनच आहेत. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं आणि खंडव्याहून महूमार्गे गाडी इंदुरात आली. आज त्या मार्गावर लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ ही स्थानकं वस्तीला लागून आहेत. कामावर जाण्या-येण्याच्या वेळी तिथे दर वीस मिनिटांनी गाडी मिळाली, उतरल्यावर पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीची किंवा राजवाड्याची बस उभी दिसली आणि तेच तिकीट तिथेही चाललं, तर स्कूटर घरी ठेवायला लोक आपणहून तयार होतील. मेट्रो पुरी व्हायला वर्षं लागतील. गाड्यांच्या आणि बसच्या वेळा जुळवायचं काम त्याआधी करता येण्यासारखं आहे, आणि तुम्हा इंदूरकरांनी पहिली मागणी हीच करायला हवी.