गुडघ्याची गादी : खड्डा की झीज?

धानाच्या रोवणीत गुडघे धरले की रुग्ण विचारतात, "डॉक्टरसाहेब, गादी झिजली, नवी बसते का?"

ही गादी म्हणजे हाडाच्या टोकावरील कूर्चा. तिला रक्तपुरवठा नसल्याने जखम सहसा भरत नाही. तरुणपणी मार लागून लहान खड्डा पडल्यास हाडाला बारीक छिद्रे पाडतात. मात्र तेथे भरणारी कूर्चा मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. दुसऱ्या पद्धतीत गुडघ्याच्या कमी भाराच्या जागेवरील कूर्चा हाडासह काढून तेथे बसवतात. मोठ्या खड्ड्यासाठी रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून सोडतात. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत महाग आहे.

उतारवयात सारा सांधाच झिजला तर या शस्त्रक्रिया उपयोगी नाहीत. तेथे वजन घटवणे, मांडीचा व्यायाम आणि शेवटी सांधाबदल. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा : खड्डा आहे की झीज?