हार कुणी नेला? पहिला डाव मांडणाऱ्या भाचीला

निगडी प्राधिकरण

चि. मनू हिस,


येत्या गुरुवारी तुम्हा सगळ्यांना सुट्टी आहे आणि मोशीच्या फ्लॅटवर चार जणांना बोलावून तू 'ब्रिंडलवुड बे' या, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन रहस्य उकलायच्या खेळाचा पहिला डाव मांडणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. डाव चालवणाऱ्या गेम मास्टरची खुर्ची पहिल्यांदाच घेते आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझे चारही खेळाडू कारखान्यातले आहेत. लाइनवर पार्ट रिजेक्ट झाला की तुम्ही 'फाइव्ह व्हाय' लावता, फिशबोन काढता, एट-डी रिपोर्ट भरता. घासलेलं फिक्स्चर, चुकीचा टॉर्क, बदललेला सप्लायर, असं काहीतरी मूळ कारण आधीपासून तिथे असतंच. ते शोधून काढणं हे तुमचं काम. जेसन कॉर्डोव्हा यांनी रचलेल्या या खेळात मात्र गुन्हेगार आधी ठरलेला नसतो. खेळाच्या पुस्तकात एक घटना, काही संशयित आणि सुगाव्यांची एक यादी मिळते. कोणता सुगावा कुणाकडे बोट दाखवतो, हे कुठेच लिहिलेलं नसतं. उत्तर तुझ्याकडेही नसतं. खेळणारे सुगावे गोळा करतात, एकत्र बसून त्यांची संगती लावतात आणि मग फासे टाकतात. दोन सहापैलू फाशांची बेरीज, त्यात वापरलेल्या सुगाव्यांची संख्या मिळवायची आणि रहस्याची गुंतागुंत वजा करायची. दहा किंवा जास्त आले, तर त्यांनी मांडलेली संगती खरी ठरते. सात ते नऊ आले, तरी ती खरीच, पण सोबत एखादं संकट येतं. सहा किंवा कमी आले, तर तर्क चुकला.

हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाक. न सांगितलंस तर तुझा मेंटेनन्सवाला मित्र रात्रभर तुझ्या चेहऱ्यावरून 'खरं उत्तर' वाचायचा प्रयत्न करेल आणि शेवटी उत्तर नव्हतंच हे कळल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटेल. आधी सांगितलंस तर तोच माणूस सगळ्यात हिरिरीने संगती लावेल, कारण रोज तो तेच करतो. मला ही रचना प्रामाणिक वाटते. फक्त एक पथ्य पाळ. एकदा दिलेला सुगावा परत घ्यायचा नाही, बदलायचा नाही. टेबलावर आलं ते घडलं.

मूळ खेळ अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका गावात घडतो. रहस्यकथा वाचणाऱ्या वयस्क बायकांचं एक मंडळ आहे आणि त्या बायका खुनांचा छडा लावतात. ते गाव तू इथे आणू नकोस. तुझ्या खेळाडूंना तिथली चर्चमधली केक विक्री कशी दिसते हे माहीत नाही, आणि जे डोळ्यांसमोर येत नाही त्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. या प्रकारच्या रहस्याला लागतं एवढंच, की सगळे एकमेकांना ओळखत असावेत आणि एकमेकांच्या सवयी त्यांना पाठ असाव्यात. ॲगाथा ख्रिस्तींच्या मिस मार्पलची १९३० सालची पहिली कादंबरीसुद्धा याच ओळखीपाळखीवर उभी आहे. आपल्याकडे ते सोसायटीत मिळतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, आणि बीडपासून जळगावपर्यंतची माणसं इथे येऊन एकमेकांच्या शेजारी राहायला लागली. चाळीस फ्लॅटची एक सोसायटी घे, चिखलीत नाहीतर चिंचवडला. रहस्यकथा मंडळाऐवजी भिशी घे. भिशीला महिन्यातून एकदा सगळ्या जमतात, डायरीत हिशेब असतो, खायला काहीतरी असतं आणि सगळ्या घरांच्या बातम्या तिथे पोचतात. याहून चांगली जागा मला सुचत नाही.

पहिल्या डावात खून ठेवू नकोस, असं मी आग्रहाने सांगेन. पुस्तकात खून आहेत, आणि पुढे पुढे एका काळ्या पंथाची छायाही आहे. तो सगळा भाग बाजूला ठेव. तुझ्या चौघांपैकी कुणी अलीकडे घरातलं माणूस गमावलं असेल तर ते तुला माहीत असेलच असं नाही. आणि काहीतरी नाहीसं होणं पुरेसं असतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला रहस्यात ओढून न्यायला कुतूहल पुरायचं. तुझ्या टेबलावर त्याचं नाव घेतलंस तरी कोणत्या जातीची गोष्ट खेळायची आहे ते सगळ्यांना कळेल.

मी सुचवते ते रहस्य असं. सोसायटीच्या गणपतीच्या गळ्यातला चांदीचा दूर्वाहार विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी नाहीसा होतो. किंमत फार नाही, पण वर्गणी काढून तो घडवला तेव्हा प्रत्येक घराने पैसे दिलेले. डाव थेट आरतीत सुरू कर. टाळ वाजताहेत, कापूर पेटलाय, आणि कुणाच्या तरी लक्षात येतं की गळा मोकळा आहे. मग कथा पुढे सांगू नकोस, प्रत्येकाला वळून विचार, "तुम्ही हार शेवटचा कधी पाहिलात? तेव्हा तुमच्या हातात काय होतं?" या एका प्रश्नाने चौघंही मंडपात येऊन उभी राहतात. त्यांच्या उत्तरांतून तुला मंडप, जिना, पार्किंग, पाण्याची टाकी असं सगळं फुकट मिळतं. ते लिहून घे आणि वापर. तू घरी बसून रंगवलेल्या मंडपापेक्षा त्यांनी सांगितलेला मंडप त्यांना जास्त आठवेल.

पात्रं वयस्कच ठेवा, आणि प्रत्येकाला आयुष्यभर केलेलं एक काम द्या. टूलरूममधून निवृत्त झालेले काका किल्लीवरचे कानशीचे ओरखडे बघून सांगतील की ती बाजारात बनवलेली नाही, घरी घासलेली आहे. पेनिसिलिनच्या कुप्या तपासण्यात हयात घालवलेल्या काकूंच्या नजरेतून एक आकडा सुटणार नाही. नातवाला सांभाळायला लातूरहून आलेल्या आजींना इथलं काहीच माहीत नसतं, म्हणून त्या कुणालाही काहीही विचारू शकतात आणि लोक त्यांना सांगतात. तुझी नागपूरची मैत्रीण वऱ्हाडी बोलणारी आजी करायला तयार असेल तर तिला अडवू नकोस. मात्र आवाज काढायची, नक्कल करायची सक्ती कुणावर नको. "माझी आजी त्याला रागावते" एवढं म्हटलं तरी तो पूर्ण खेळ आहे. तूही आवाज काढत बसू नकोस. संशयिताशी बोलणं चालू असताना त्याच्या हातांना काम दे. मेथी निवडणं, मखराचे खिळे काढणं, पणत्या पुसणं. खेळणारे आपोआप बाजूला बसतात, मदत करतात आणि प्रश्नांचा सूर मऊ होतो. उलटतपासणीचा सूर लागला की या खेळाची मजा गेली.

संशयित पाच पुरेत. प्रत्येकाकडे लपवण्यासारखं एक काहीतरी असू दे, आणि ते चोरीशी जोडलेलं असलंच पाहिजे असं नाही. खजिनदार एका घराचा मेंटेनन्स गुपचूप स्वतःच्या खिशातून भरतोय. सजावट करणारा मुलगा नोकरी सुटल्याचं घरी सांगू शकलेला नाही, म्हणून रोज कंपनीच्या बसच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडतो. अशी गुपितं उघडी पडली की खेळणाऱ्यांना त्या माणसांची काळजी वाटायला लागते. मला हा खेळ आवडतो तो याचसाठी.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या सोसायट्यांत काही हरवलं की पहिलं बोट वॉचमनकडे जातं आणि दुसरं घरकामाच्या बाईंकडे. तुझ्या टेबलावरही ते जाईल, वाईट हेतू नसताना जाईल. रॉन एडवर्ड्स यांनी अशा खेळांसाठी सुचवलेली एक पद्धत आहे. सुरुवातीलाच रेषा आखून घ्यायच्या, की अमुक गोष्ट आपल्या कथेत येणारच नाही. पहिली रेषा तू स्वतः आख. वॉचमन आणि कामाच्या मावशी चोर नाहीत, आणि जातीवरून, गावावरून, भाषेवरून कुणावर संशय नाही. मग इतरांना त्यांच्या रेषा विचार. वॉचमनला नाव दे, गाव दे, त्याला काय दिसलं ते विचारायला पात्रांना त्याच्याकडे पाठव. रात्रभर जागा असणारा तोच एक माणूस आहे. शिवाय टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेव. ही कल्पना जॉन स्टाव्हरोपोलोस यांची. कुणी त्याला हात लावला की चाललेला प्रसंग तिथे सोडायचा, कारण विचारायचं नाही.

सुगाव्यांची तयारी मात्र कसून कर. पंधराएक लिहून ठेव, वेगवेगळ्या कार्डांवर, आणि कुठलाही एकाच माणसाला बांधू नकोस. उदाहरणादाखल: गुरुवारच्या मेंटेनन्सला वीज गेली तेव्हापासून बंद पडलेला सीसीटीव्ही, आणि इन्व्हर्टरमधली गायब बॅटरी. घरी घासलेली पितळी किल्ली. प्रसादाच्या पुडीत घडी घातलेलं पीएमपीचं तिकीट. सराफाच्या पावतीचा अर्धा तुकडा. भिशीच्या डायरीतलं फाडलेलं एक पान. मखरामागे दोन कप, त्यातला एक बिनसाखरेच्या चहाचा. तिसऱ्या शिफ्टला निघालेल्या माणसाने बसच्या खिडकीतून पाहिलेला, गच्चीवरचा दिवा. जो कुणी विचारेल, शोधेल, त्याला यातलं जवळचं कार्ड दे. किल्ली टूलरूमच्या काकांसाठी राखून ठेवू नकोस, पण त्यांच्या हाती पडली तर ती जास्त बोलू दे.

सुगावा शोधताना फासे टाकले आणि कमी आकडा आला, तरी सुगावा अडवू नकोस. रॉबिन लॉज यांनी 'गमशू' नावाची पद्धत याच एका विचारावर बांधली, की तपासाला अत्यावश्यक असलेला धागा फाशांच्या नशिबावर टांगायचा नाही. कमी आकडा आला तरी सुगावा मिळतो, पण किंमत द्यावी लागते. पावतीचा तुकडा सापडतो, आणि मागे वळून बघावं तर चेअरमन दारात उभे. पहिल्या डावात काही सापडलंच नाही असं दोनदा झालं की लोक मोबाइल उघडतात.

खेळणारे प्रश्नच विचारत नाहीत, ही नव्या टेबलाची नेहमीची अडचण आहे. त्यावर माझ्याकडे एक खात्रीचा उपाय आहे. डाव सुरू होण्याआधी झाकलेल्या डब्यात काहीतरी खायला ठेव आणि भोंडल्यासारखी खिरापत ओळखायला लाव. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, डबा वाजतो का. पाच मिनिटांत सगळ्यांच्या जिभा सुटतात, भलते तर्क करायला कुणी लाजत नाही, आणि चुकीच्या उत्तरावर सगळे मिळून हसतात. मग तोच डबा उघडून मध्ये ठेव आणि आरती सुरू कर.

वेळेचं गणित आधी कर. तीन तास हातात असतील तर शेवटचा तास संगती लावायला आणि समेटाला राखून ठेव. दोन तास होत आले की चहा टाक आणि सगळी कार्डं मध्ये पसर. त्यांना आपसात बोलू दे आणि तू गप्प राहा. मान डोलवू नकोस, भुवई उंचावू नकोस. पहिल्यांदाच मांडते आहेस म्हणून गुंतागुंत सहा धर. सात सुगावे संगतीत बसवले तर बेरजेत एक वाढेल, आठ बसवले तर दोन. त्यामुळे राहिलेलं कार्ड कसंही करून बसवायची त्यांची धडपड बघण्यासारखी असते, आणि उत्तम कथा त्या धडपडीतच तयार होते. तर्क चुकला तरी डाव बुडत नाही. चुकीच्या माणसावर आळ आला, तो दुखावला, आता त्याच्या दारात जाऊन माफी मागायची, हा प्रसंग खेळायला दे आणि तिथेच एक नवा सुगावा ठेव.

हार सापडला, कुणी नेला ते कळलं, म्हणजे डाव संपला असं समजू नकोस. त्या माणसाशी कोण बोलणार, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय सांगायचं आणि काय नाही, उद्या पवनेच्या घाटावर विसर्जनाला तो सगळ्यांबरोबर चालणार का, हे त्यांना ठरवू दे. यासाठी वीस मिनिटं हवीतच. यातलं काही तू सुचवू नकोस. फक्त विचार.

शेवटचं व्यवहाराचं. चाकणहून येणाऱ्यांना तळेगाव चौकातच किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून जेवण आधी आणि डाव नंतर ठेव. तिसरी शिफ्ट करून आलेल्या मुलाला आधी झोपू दे, त्याला पुढच्या वेळी घे. पाचवा कुणी 'मीही येतो' म्हणाला तर प्रेमाने थांबव. चार खेळाडू आणि तू, एवढं पहिल्या डावाला पुरे. कार्डं लिहून झाली की एकदा मला फोनवर वाचून दाखव. जी दोनतीन एकाच माणसाकडे बोट दाखवत असतील ती आपण मिळून बदलू.

तुझी,
मावशी