आधी आई दाखवा

अंबरनाथ (पूर्व)

चि. सायलीस,


तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती वाचल्या. एक उल्हासनगरच्या दुकानाची, एक ‘अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशनला डिलिव्हरी’ म्हणणारी आणि एक कुणाच्या तरी ओळखीतल्या घराची. तिन्हीकडे लॅब्रॅडॉर, तिन्ही पिल्लं ‘प्युअर’ आणि ‘हेल्दी’, आणि तिघांनाही भलती घाई. यातला लबाड कोण ते ओळखून दे, असं तू म्हणतेस. जाहिरात वाचून ते मलाच काय, कुणालाच सांगता यायचं नाही. जाहिरातीत ‘प्युअर’ लिहायला खऱ्यालाही काही खर्च येत नाही आणि खोट्यालाही नाही. म्हणून विकणाऱ्याने काहीही सांगितलं, काहीही दाखवलं, की मनाशी एवढंच विचार: हेच एखाद्या लबाडाला करून दाखवायचं असतं तर त्याला ते कितीला पडलं असतं? जे फुकटात होतं त्याला पुरावा मानू नकोस. जे त्याला महागात पडेल तेच माग.

या कसोटीवर किती गोष्टी बाद होतात बघ. गोंडस फोटो बाद, तो कुणाच्याही पिल्लाचा असू शकतो. काचेचं दुकान, पिंजऱ्यातली रंगीत गादी, ‘मॅडम, मी स्वतः डॉगलव्हर आहे’ हे वाक्य, सगळं बाद. पिल्लाने तुझ्या हातावर येऊन झोपणंसुद्धा बाद. आजारी आणि दमलेलं पिल्लूही तसंच शांत झोपतं, आणि ‘किती शांत आहे बघा’ म्हणून तेच आधी खपतं. उल्हासनगरच्या मालाची ‘मेड इन यूएसए’ म्हणून चेष्टा करायची आपल्याकडे जुनी खोड आहे. फाळणीत सगळं गमावून लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या लोकांनी पाच कॅम्पांतून एवढं मोठं गाव उभं केलं, त्याची ही पावती नव्हे. पण तिथल्या बाजारात जीन्स घेणारं जाणतं गिऱ्हाईक लेबल वाचत बसत नाही, शिवण उलटून बघतं. पिल्लाच्या बाबतीत शिवण म्हणजे त्याची आई.

लबाडाला आई दाखवणं परवडत नाही, याचं कारण धंद्याच्या रचनेत आहे. बरीच पिल्लं विकणाऱ्याच्या घरी जन्मलेलीच नसतात. लांबच्या शेडमध्ये एकामागून एक वीण होते, दलाल पिल्लं उचलतो, ती टोपल्यांतून दुकानात किंवा एखाद्याच्या खोलीवर येतात आणि वाटेत वेगवेगळ्या विणींची पिल्लं एकमेकांचे रोग घेतात. आई दाखवायची तर ही सगळी साखळी दाखवावी लागेल. म्हणून ‘आई गावाकडच्या फार्मवर आहे’, ‘ती अनोळखी माणसाला चावते’, ‘कालच मोठ्या भावाकडे सोडली’ अशी उत्तरं येतात. एखादं उत्तर खरंही असेल. मग ‘मी पुढच्या रविवारी येते, तेव्हा दाखवा’ म्हण. खरा माणूस तारीख देतो. कधीकधी त्याच जातीची भलतीच कुत्री पुढे करतात, तेव्हा तिची आचळं बघ. दोन महिने पिल्लं पाजलेल्या कुत्रीची आचळं ओघळलेली दिसतात आणि पिल्लं तिच्याकडे धावतात. नाही तर ती कुत्री एकीकडे बसते आणि पिल्लं दुसरीकडे. आई भेटली की तिची तब्येत, तिचा स्वभाव, ती राहते ती जागा हे सगळं आपोआप कळतं. बरगड्या निघालेली, माणूस जवळ आला की अंग चोरणारी आई दिसली, तर पिल्लू कितीही तुकतुकीत असो, तिथून निघ.

त्याला महागात पडणारी दुसरी गोष्ट वेळ. आपल्याकडे ‘४५ दिवसांचं पिल्लू’ हा शब्द इतका रुळला आहे की ती जणू योग्य वयाची व्याख्याच वाटते. कायदा तसं म्हणत नाही. पाळीव प्राण्यांची दुकानं आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियमन हवं असा अहवाल विधी आयोगाने २०१५ साली दिला, तो त्यांचा २६१वा. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले आणि त्यांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. या शेवटच्या दिवसांत पिल्लू आईपासून नीट सुटतं आणि भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं ते शिकतं. विकणाऱ्याच्या हिशेबाने मात्र हेच दिवस सर्वांत खर्चाचे: खाणं वाढतं, घाण वाढते, लस द्यावी लागते, आणि पिल्लू रोज थोडं कमी ‘क्यूट’ दिसतं. म्हणून तो घाई करतो. वय खोटं सांगितलं तरी दात खोटं बोलत नाहीत. दुधाचे २८ दात साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण दिसतात. डॉक्टर तोंड उघडून अंदाज सांगू शकतील.

त्याच घाईतून ‘सगळी इंजेक्शनं झालीत’ हे वाक्य येतं, आणि दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल ते खरं असूच शकत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लशीलाही अडवते. ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तर साधारण तीन महिने झाल्यावर. तेव्हा खरा माणूस ‘एक डोस झालाय, पुढचा अमुक तारखेला’ असं म्हणेल. कार्डावर लशीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का नोंदणी क्रमांकासह असेल. नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखांचं कार्ड छापखान्यात शेकड्याने मिळतं. त्या डॉक्टरांना एक फोन कर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही गावांत प्राण्यांचे दवाखाने आहेत, हा फोन अवघड नाही.

आता ‘२४ तासांची गॅरंटी’. ऐकायला उदार, पण हिशेब कर. पार्व्हो नावाच्या रोगाचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, डिस्टेंपरला त्याहून जास्त. म्हणजे दुकानात लागण झालेलं पिल्लू तुझ्या घरी दोन-तीन दिवस शेपटी हलवत फिरेल, आणि उलट्या व रक्ताची हगवण सुरू होईल तेव्हा गॅरंटी संपलेली असेल. मग उत्तर तयार असतं: तुम्हीच काहीतरी भलतं खायला घातलंत. ज्या मुदतीत रोग दिसूच शकत नाही त्या मुदतीची हमी देणं ही लबाडीच, फक्त नीटनेटक्या कपड्यांतली. निदान दहा-पंधरा दिवसांची लेखी हमी आणि पहिल्या दोन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासणी, एवढं माग. कबूल करायला त्याला जड जात असेल तर का जड जातंय ते तुला कळलंच.

कागदांबद्दल थोडक्यात सांगते, कारण लोक कागदांवरच जास्त भाळतात. ‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’ असे दोन भाव सांगणाऱ्यापासून सावध राहा. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिल्लूपणी दिसतही नाही. तरी कागद दाखवलाच, तर त्यावरचा मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक आणि पिल्लाच्या मानेतल्या चिपचा क्रमांक दवाखान्यातल्या रीडरवर जुळवून बघ. कागदाची झेरॉक्स लबाडाला स्वस्त पडते. कातडीखालचा आकडा जुळवणं नाही. ‘पेपर नंतर पाठवतो’ याचा अर्थ पेपर नाहीत. आणि ‘इम्पोर्टेड’ म्हटलं तर हसून विचार, विमानतळावरच्या प्राणी-विलगीकरण खात्याचा दाखला कुठे आहे? परदेशातून आलेल्या कुत्र्यामागे कागदांचा गठ्ठा असतो.

स्टेशनवर डिलिव्हरी देणाऱ्याबद्दल मला फार विचार करावासा वाटत नाही. कल्याणपासून कर्जतपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर पिल्लू आणून देईन, पण घरी येऊ नका, असं माणूस का म्हणेल? घराचा पत्ता हीच त्याला महागात पडणारी गोष्ट आहे म्हणून. त्यात आगाऊ पैसे मागितले, मग गाडीभाडं, मग खोक्याचे पैसे, मग ‘विम्याची परत मिळणारी रक्कम’ असं सुरू झालं, तर पिल्लू बहुतेक नाहीच. कुणी ‘लष्करात आहे, बदली झालीय’ म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवेल; तोही फोटोच. पैसे ‘परत घेण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितला तर फोन ठेव. पैसे घेताना पिन लागत नाही. गेलेच पैसे, तर लगेच १९३०वर कळव. उशीर झाला तर ते पुढे सरकतात.

तू यावर काय म्हणशील ते मला दिसतंय. घरगुती पैदास करणारा, एकच कुत्री पाळणारा साधा माणूस, त्याच्याकडे कुठली नोंदणी असणार? २०१७च्या नियमांप्रमाणे विकण्यासाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, घर लहान असलं तरी. तरीही मी मान्य करते की अनेक प्रामाणिक घरांना हे ठाऊकच नाही, आणि एखाद्या लबाडाकडे नोंदणीचा कागद चकचकीत फ्रेममध्ये असू शकतो. म्हणून नोंदणी नाही एवढ्यावरून मी कुणाला चोर म्हणणार नाही. पण त्या घरात आई समोर असेल, भावंडं असतील, ‘आणखी दोन आठवडे थांबा’ असं तेच म्हणतील, आणि उलट तुलाच प्रश्न विचारतील: दिवसभर घरी कोण असतं, दोघं सहाच्या लोकलने मुंबईला जात असाल तर पिल्लाला दुपारी कोण खायला घालणार? गिऱ्हाईक नाकारायची तयारी ही सगळ्यात महागडी गोष्ट. ती लबाडाकडे कधीच नसते. ओळखीतल्या घरालाही हीच कसोटी लाव. ओळख म्हणजे भिडेपोटी प्रश्न न विचारण्याची सवय, आणि आपल्याकडे फसवणूक त्या भिडेवरच चालते.

दुसरं म्हणशील, पिंजऱ्यातलं ते मलूल पिल्लू मी घेतलं नाही तर त्याचं काय होईल? हा आक्षेप मला सगळ्यात जड जातो, कारण तू चुकीचं काही म्हणत नाहीस. त्या एका पिल्लाचं कदाचित वाईटच होईल. पण विकणाऱ्याच्या वहीत दयेची आणि हौसेची विक्री एकाच रकान्यात जाते. तो पिंजरा संध्याकाळी रिकामा झाला की सकाळी भरतो, आणि ज्या शेडमधून तो भरतो तिथली कुत्री पुन्हा गाभण राहते. दया करायचीच असेल तर जागेचा फोटो काढ आणि पोलिसांत किंवा प्राणी कल्याण मंडळाकडे तक्रार कर. पैसे मात्र देऊ नकोस.

आणि ‘एवढी चौकशी करायची तर दत्तकच घेते ना’ असं म्हणालीस तर मी खूश होईन. बदलापूरच्या दमट उन्हाळ्यात आपला देशी कुत्रा लॅबपेक्षा सुखाने राहतो, आणि ‘एसीत राहतो, काही होत नाही’ म्हणत इथे हस्की विकणाऱ्याशी तर बोलूच नकोस. पण दत्तक म्हटलं की सावधपणा सोडायचा नाही. ‘फुकट दत्तक, फक्त प्रवासखर्च’ या नावाखाली तीच पिल्लं विकली जातात. लसीकरणाचा खरा खर्च मागणारा त्याची पावती देतो. जातिवंत पिल्लांचा ‘प्रवासखर्च’ हजारोंनी मागणारा देत नाही.

एवढ्यावर घेणं ठरलंच, तर पैसे रोख देऊ नकोस; ज्याच्या घरातून घेतेस त्याच्याच नावाच्या खात्यावर पाठव. बिलावर त्याचं पूर्ण नाव-पत्ता, पिल्लाची जात, जन्मतारीख, आईचं नाव, चिप क्रमांक, झालेली लस आणि हमीची मुदत लिहून घे. फसवणूक झाली तर ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विकणारा कुठलाही असो, तुझी तक्रार ठाण्यालाच चालेल; पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत ती द्यावी लागते. बिल नसेल तर आयोगापुढे तुझ्याकडे फक्त दुःख असेल. उद्या त्या तिघांनाही एकच मेसेज पाठव: ‘रविवारी सकाळी घरी येऊन पिल्लाला त्याच्या आईसोबत बघायचंय, पत्ता कळवा.’ कुणाचं उत्तर येतं ते मला सांग.

तुझी,
विजूमावशी