कानांना विसावा

[काही मुलांना मोठे आवाज सहन होत नाहीत. असे का होते आणि संथ, हळुवार संगीताचा त्यांना कसा उपयोग होऊ शकतो, हे या पाठात सांगितले आहे.]

मुलांनो, एक मिनिट डोळे मिटून शांत बसा. कोणकोणते आवाज ऐकू येतात?

तुम्ही भिवंडी तालुक्यातील वडपे गावात राहत असाल, तर मुंबई-नाशिक महामार्गावरील वाहनांची घरघर तुम्हांला ऐकू येईल. अवजड ट्रक धडधडत जातात. मध्येच एखादा कर्कश भोंगा वाजतो. भिवंडी शहरात गेलात, की यंत्रमागांची खडखड सुरू होते. आपल्याला या आवाजांची सवय झालेली असते. म्हणून आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

हे काम आपला मेंदू करतो. तो चाळणीसारखा आहे. आईची हाक, बाईंचा प्रश्न, मित्राचे बोलणे हे तो आपल्यापर्यंत पोहोचवतो आणि बाकीचे आवाज मागे ठेवतो. पण सर्वांचीच चाळणी सारखी नसते. काही मुलांना पंख्याची घरघर, बाकाची करकर आणि शिक्षकांचे बोलणे हे सारे एकाच वेळी, सारख्याच जोराने ऐकू येते. स्वमग्न असलेल्या अनेक मुलांना असा त्रास होतो. अर्धशिशीने डोके दुखत असताना मोठ्या माणसांनाही साधा आवाज नकोसा वाटतो.

समजा, शाळेचे स्नेहसंमेलन आहे. ध्वनिवर्धक सुरू होतो. सगळे टाळ्या वाजवतात, पण तुमच्या वर्गातील एक मुलगा दोन्ही कान घट्ट दाबून कोपऱ्यात बसतो. कोणी त्याला भित्रा म्हणते, कोणी हसते. त्याला मात्र तो आवाज खरोखरच टोचत असतो. डोळ्यांना पापण्या असतात. नको असेल ते दृश्य आपण टाळू शकतो. कानांना पापण्या नसतात. मग त्या मुलाने काय करावे?

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे 55 डेसिबलपेक्षा 75 डेसिबलचा आवाज शंभरपट तीव्र असतो. आपल्या देशात 2000 साली ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानता येतो. तेथे ही मर्यादा आणखी कमी, म्हणजे दिवसा 50 व रात्री 40 डेसिबल आहे.

गोंगाट कमी करणे हा पहिला उपाय. दुसरा उपाय म्हणजे कानांना विसावा देणारे संगीत.

1975 सालची गोष्ट. ब्रायन ईनो नावाचे इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळले होते. एका मैत्रिणीने त्यांना एक तबकडी आणून दिली. ती लावून ते पडून राहिले, पण आवाज फारच बारीक होता आणि उठून तो वाढवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजात ते मंद सूर मिसळून गेले. संगीत असेही असू शकते, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्यांनी विमानतळावरील गर्दीसाठी संथ संगीताची एक तबकडी काढली. लक्ष वेधून न घेता, खोलीतील मंद उजेडासारखे भोवती राहणारे असे ते संगीत होते.

आपल्याकडे असे वाद्य फार पूर्वीपासून आहे. ते म्हणजे तानपुरा. त्याला बहुधा चार तारा असतात. त्या एकामागून एक हलकेच छेडतात. सूर तेच, क्रम तोच. पुढे काय येणार हे कानांना आधीच ठाऊक असते, म्हणून ते दचकत नाहीत. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला, की तारेतून गुंजारव उमटतो. त्याला जवारी म्हणतात.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी तेथे हा व्यवसाय रुजवला. भोपळ्यापासून तानपुरा घडवण्याची ही कला तेथील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहत. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गायनाची मैफल होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. संगीत हे औषध नाही. जवारीचा गुंजारव एकाला गोड वाटेल, तर दुसऱ्याला टोचेल. एखाद्याला संगीतच नको असेल. त्याला केवळ शांतता हवी असेल. म्हणून आधी विचारा. आवाज इतका कमी ठेवा, की शेजारच्याचे बोलणे सहज ऐकू यावे. सूर हळूहळू सुरू करा आणि हळूहळूच थांबवा. समोरच्याने कानांवर हात ठेवले, तर लगेच बंद करा. शांत संगीत कोणते, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते, लावणाऱ्याने नव्हे.

वडप्याच्या महामार्गावरील वाहने तुम्ही थांबवू शकणार नाही. पण वर्गाचे दार हळू लावता येईल. बाक ओढण्याऐवजी उचलून ठेवता येईल. कान दाबून बसलेल्या मित्राला न हसता शांत जागी नेता येईल. एवढे केलेत, तरी त्याच्या कानांना विसावा मिळेल.

शब्दार्थ
विसावा – आराम. कर्कश – कानांना टोचणारा. गोंगाट – एकाच वेळी होणारे मोठे आवाज. अर्धशिशी – डोक्याची एक बाजू दुखण्याचा विकार. स्वमग्न – जन्मापासून ज्याच्या मेंदूची जडणघडण वेगळी असते असा. गुंजारव – भुंग्यासारखा मधुर आवाज. अंथरुणाला खिळणे – आजारपणामुळे पडून राहणे.

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आवाज कोणत्या एककात मोजतात?
(आ) जवारी म्हणजे काय?
2. कारणे लिहा.
(अ) तानपुरा ऐकताना कान दचकत नाहीत.
(आ) संगीत लावण्यापूर्वी ऐकणाऱ्याला विचारावे.
3. तुमच्या वर्गातील कोणते आवाज कमी करता येतील? मित्रांशी चर्चा करून पाच वाक्ये लिहा.